तुमच्या फोटोखालच्या ओळी

अप्पा,

तुमचा फोटो गावातल्या संग्रहालयात लागला आहे. तुम्ही असता तर हे ऐकून कोट इस्त्रीला टाकला असता आणि उद्घाटनाच्या किती तरी आधी पहिल्या रांगेत जाऊन बसला असतात. म्हणून आधीच सांगते, तो फोटो तिथे लागू नये यासाठी मी भांडले, आणि लावायचाच असं ठरलं तेव्हा त्याच्याखाली काय लिहिलं जाईल यासाठी त्याहून जास्त भांडले. ही हकीकत तुम्हाला कळायला हवी असं मला वाटतं. तुमच्या हयातीत मी तुमच्यासमोर कधी आवाज चढवला नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता भिण्याचं कारण उरलेलं नाही, तरी मी हे दार लोटून घेऊन लिहिते आहे. आणखी एक. तुम्ही आम्हाला 'आई' म्हणायला लावलंत. या पत्रात मी तिला अम्माच म्हणणार आहे. तुमच्या पाठीमागे आम्ही तिला तेच म्हणत होतो.

नगरपालिकेचा जुना दवाखाना तुम्हाला आठवत असेल. आम्हा दोघी बहिणींना तुम्ही देवीची लस टोचायला नेलं होतंत, तोच. तिथे आता छोटंसं संग्रहालय झालं आहे. जिथे औषधं द्यायचे तिथे पितळेची भांडी आणि ती घडवणाऱ्या घरांची माहिती आहे, शेजारच्या खोलीत जवळच्या तिरुभुवनम गावच्या रेशमाचा माग. मागच्या वर्षी त्यांनी ठरवलं की गावात ज्या ज्या लोकांची घरं आहेत त्या सगळ्यांची एकेक खोली करायची, आणि एक खोली तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी या तमिळ मुलखात येऊन राहिलेल्या आपल्या मराठी लोकांची. ते काम करणारी मुलगी तिरुच्चीची, पंचविशी-तिशीतली, तमिळ बोलणारी, मराठीचा गंध नसलेली. मी पोस्टातून निवृत्त होऊन घरी बसले होते. तिचा फोन आला. "मॅडम, तुमच्या वडिलांमुळे या गावात मराठी टिकली असं सगळे सांगतात. तुम्ही यायलाच हवं." सगळे म्हणजे कोण हे मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं.

मी गेले. भिंती नुकत्याच रंगवल्या होत्या, वास जात नव्हता. तिने मला भिंतीवर लावायच्या फलकाचा कच्चा नमुना दाखवला. वर तुमचा फोटो, शाळेतून निवृत्त झालात तेव्हाचा, हार घातलेला. खाली तमिळमध्ये आणि मराठीत मजकूर. कावेरीकाठी जपलेल्या जुन्या मराठी बोलीचे आधारस्तंभ, असं काहीतरी. मी तो दोनदा वाचला. पहिल्यांदा मला हसू आलं. दुसऱ्यांदा वाचून कागद पालथा ठेवला आणि तिथल्या खुर्चीत बसले. मुलीने पाणी आणून दिलं. तिला वाटलं, वडिलांच्या आठवणीने मला भरून आलंय.

जुन्या बोलीचे आधारस्तंभ. तुम्ही. ज्या माणसाने आमच्या घरातून ती बोली एकेक शब्द वेचून बाहेर काढली तो. 'सांगट्लों' नव्हे, 'सांगितलं'. 'अस्के' नव्हे, 'सगळे'. 'कोट' नव्हे, 'कुठे'. जेवायला बसलं की सुरू व्हायचं. आम्ही ताटावर बसलेल्या, अम्मा वाढते आहे. ती विचारते, "अजून थोडा भात घालू, कोट उठताय इतक्यांत?" आणि तुम्ही हात ताटावर धरून तसेच बसून राहता. वाढू देत नाही. ती 'कुठे' म्हणेपर्यंत तुमचा हात हलत नाही. अम्माचं तोंड लाल होतं, आम्ही खाली बघतो, भात निवतो. शेवटी ती 'कुठे' म्हणते, आणि तुम्ही हात काढता, जणू काही झालंच नाही. पुढे पुढे तिने विचारणंच सोडलं. भांडं घेऊन नुसती समोर उभी राहायची.

हे कुठून आलं ते तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाहीत. अम्माने सांगितलं. तरुणपणी तुम्ही पुण्याला एका मेळाव्याला गेला होतात, बाहेरच्या प्रांतांतल्या मराठी लोकांच्या. तिथे तुम्हाला चार शब्द बोलायला उभं केलं, आणि तुम्ही तोंड उघडताच सभागृह हसलं. वाईट हसले नसतील. नाटकातल्या जुन्या राजासारखं बोलतात, किती गोड, असं एक बाई म्हणाल्या म्हणे. तुम्ही परत आलात ते पुस्तकांची ट्रंक घेऊन, आणि त्यानंतर या गावातल्या एकाही मराठी मुलाने त्या बाईला गोड वाटेल असं बोलू नये यासाठी आयुष्य घातलंत. मागच्या पडवीत वर्ग भरवलात, फुकट शिकवलंत, हे खरं. लोक ते विसरले नाहीत. पण हसले तुम्हाला, अप्पा. त्याची शिक्षा आम्हाला का?

आम्हाला म्हणजे मुख्यतः थोरलीला, अक्काला. माझी जीभ तुमच्या हाताखाली सहज वळली. अक्काची वळली नाही. तिला लहानपणापासून बोलताना अडखळायला होत असे. आता डॉक्टर सांगतात की असं कुणामुळे होत नाही, ते उपजत असतं, आणि मी तेवढ्यापुरतं तुम्हाला मोकळं सोडते. अडखळणं तुम्ही तिला दिलं नाहीत. गप्प बसणं तुम्ही दिलंत. स्वयंपाकघरात अम्माबरोबर काही वाटत-चिरत असली की ती बोलायची. मी दाराशी उभी राहून ऐकायची. रगड्यावर उडदाची डाळ फिरते आहे, अम्मा हाताने पीठ आत लोटते आहे, अक्का दगड फिरवते आहे, आणि दोघी अम्माच्या बोलीत शेजारणीच्या लग्नाबद्दल इतकं काही बोलताहेत की मला मध्ये शिरायला जागा नाही. अक्का क्वचित अडते, दगडाचा एक फेरा होतो, शब्द सुटतो, ती पुढे जाते. रस्त्यावर, भाजीवालीशी तमिळमध्ये तर ती तोंडाचा पट्टा सोडायची. मग बाहेरच्या पायरीवर तुमच्या चपला वाजत, आणि दोघी एकाच वेळी थांबत.

पुण्याच्या दुसऱ्या एका फेरीनंतर तुम्ही आम्हा दोघींना भेटी आणल्यात. मला चित्रांचं पुस्तक. अक्काला छोटा हातआरसा, मागे फुलं काढलेला. ती इतकी खूश झाली की तसाच तो घेऊन अम्माला दाखवायला पळाली, केसांत फूल खोचून त्यात बघू लागली. तुम्ही तिला परत बोलावलंत. म्हणालात, "नटायला नाही आणला. बोलताना यात स्वतःचं तोंड बघायचं. किती वाकडं होतं ते कळलं की आपोआप सुधारेल." तिने फूल काढलं. तुम्हाला वाटत असेल तुम्ही तिचं भलं करत होतात. कदाचित करतही होतात. मला ते जाणून घ्यायची इच्छा उरलेली नाही. ती आरशासमोर बसते, ओठ हलवते, आवाज येत नाही, आणि तुम्ही मागे उभे आहात, एवढं मी पाहिलं आहे.

मग रामनवमीचा तो कार्यक्रम. मरुदानल्लूरच्या बाजूला मांडव घातला होता, आपली सगळी घरं जमली होती. तुमच्या वर्गातली मुलं एकेक करून श्लोक म्हणत होती. अक्काचं नाव तुम्हीच घातलं होतंत. ती उभी राहिली. पहिलं अक्षर 'स' होतं. ते निघेना. मांडव वाट बघतोय, बायका मान हलवून तिला धीर देताहेत, अम्मा खांबाशी उभी राहून नकळत स्वतःचेच ओठ हलवते आहे. अजून थोडा वेळ दिला असता तर ते अक्षर निघालं असतं, मला खात्री आहे. तुम्ही पहिल्या रांगेतून उठलात आणि म्हणालात, "हिला खाली घ्या. धाकटी म्हणेल." आवाज चढवला नव्हता, सगळ्यांना ऐकू जाईल इतपतच. मी वर गेले आणि श्लोक म्हटला. टाळ्या पडल्या. परत येताना बसमध्ये अक्का खिडकीकडे तोंड करून बसली, आणि त्या दिवसानंतर तुमच्यासमोर ती मराठी बोलली नाही. हो-नाहीसुद्धा मानेने. तुम्ही काही दिवस रागावलात, मग तुम्हाला त्याची सवय झाली. मला वाटतं तुम्हाला ते बरंच पडलं.

ती मोठी झाल्यावर तिरुभुवनमच्या एका विणकराने तिला मागणी घातली. तमिळ घर, आपल्यातलं नाही. अम्मा घाबरली होती की तुम्ही घर डोक्यावर घ्याल. तुम्ही वर्तमानपत्र खाली ठेवलंत आणि म्हणालात, "बरंच झालं. तिथे निदान ही कशी बोलते ते कुणाला कळणार नाही." मी शेजारच्या खोलीत होते. अक्काही होती. एखाद्या बापाने मुलीला जातीबाहेर लग्न केलं म्हणून घराबाहेर काढलं असतं तर मला समजलं असतं. तुम्ही सुटकेचा निःश्वास सोडलात.

आणि अम्मा. महाराष्ट्रातून कुणी पाहुणे आले की तुम्ही त्यांना दिवाणखान्यात बसवायचात. एकदा एका गृहस्थांनी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन तिला विचारलं, वहिनी, तुम्ही मूळच्या इथल्याच का. तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात तुम्ही मागून म्हणालात, "तिला मराठी नीट येत नाही." जन्मल्यापासून जिच्या घरात दुसरी भाषा नव्हती तिला. ती तशीच आत वळली आणि कॉफी गाळायला लागली. तुम्ही गेल्यानंतर ती माझ्याकडे राहायला येईल असं मी धरून चालले होते. आली, महिनाभर राहिली, आणि एक दिवस पिशवी भरून म्हणाली, मी तिरुभुवनमला जाते. मी कारण विचारलं. ती म्हणाली, "तू लई चांगली अहेस ग. पण तू बोललीस की मला त्यांचा आवाज ऐकू येतो." शेवटची सगळी वर्षं ती अक्काच्या माजघरात राहिली. अक्काचा नवरा सांगायचा की माग बंद झाला तरी घरातला आवाज बंद होत नाही, दोघी बोलत असतात, मला एक अक्षर कळत नाही.

तर त्या दिवशी संग्रहालयातून निघाले ती सरळ मायिलादुतुरैच्या रस्त्याची बस धरून तिरुभुवनमला, अक्काकडे गेले. ती शेवग्याच्या शेंगा सोलत बसली होती. मी तिला फलकाबद्दल सांगितलं. ती हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "फोटोंत कसे दिसतात?" मी म्हटलं, हार घातलाय. मग मी तिला दुसरी गोष्ट सांगितली. त्या खोलीत एक यंत्र बसवणार होते, बटण दाबलं की आपल्या लोकांचं बोलणं ऐकू येईल असं. मुलगी त्यासाठी आवाज शोधत होती. माझा उपयोग नव्हता. मी जे बोलते ते तुमच्या ट्रंकेतलं. अम्मा गेल्यावर ते बोलणं अख्खं ज्याच्या तोंडात आहे असं आमच्या घरात एकच माणूस उरलं होतं, आणि ते शेंगा सोलत होतं. तिने हातातली शेंग सोलून संपवली. मग म्हणाली, "मी अ... अडखळट्लीं तर?" मी म्हटलं, अडखळ. ती म्हणाली, "पुसून टाकणार नाहीत ना ते?"

मुलगी यंत्र घेऊन तिच्या घरी आली. पहिला प्रयत्न वाया गेला. अक्का ताठ बसली, हात मांडीवर, आणि 'स' वर नाही पण 'अम्मा' वरच अडली, डोळ्यांत पाणी आलं. मुलीने यंत्र बंद केलं आणि तमिळमध्ये म्हणाली, "तुम्ही तुमचं काम करा. मी इथेच बसते." अक्का उठली, डांगराची तयारी केली, उडदाचं पीठ, ताक, मिरची, आणि कालवता कालवता बोलायला लागली. अम्माबद्दल. सासरी आलेल्या पहिल्या दिवसाबद्दल, विहिरीबद्दल, अम्मा आल्यागेल्याला काय विचारायची त्याबद्दल. अधेमधे अडत होती. वाडगं एकदा फिरायचं, आणि शब्द यायचा. मी खांबाला टेकून ऐकत होते. मुलीला त्यातलं काही समजत नव्हतं आणि ती एकदाही हलली नाही.

आता तुमच्या लाडक्या विद्यार्थ्याकडे येते. तोच, ज्याचे उच्चार तुम्ही पाहुण्यांना ऐकवायचात. बँकेत मोठा साहेब होऊन निवृत्त झाला, आता आपल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष आहे. खोलीत ठेवायच्या बहुतेक वस्तू त्याच्याच शब्दाने आलेल्या, जुनी वीणा, पगड्या, चांदीचं तबक. फलकाचा मजकूरही त्याचाच. त्याने अक्काचं ध्वनिमुद्रण ऐकलं आणि आम्हाला बोलावून घेतलं. मुलगी होती, मी होते. अक्काला त्याने बोलावलं नव्हतं.

तो नम्रपणे बोलला. तुम्हीच शिकवलेला नम्रपणा. "अक्कांचा मी आदर करतो. पण हे लोकांनी ऐकायचं आहे. मुंबई-पुण्याहून माणसं येतात. अशुद्ध आहे, वर अडखळणं. आपल्याला हसतील."

मी म्हटलं, "हसू देत."

"सर असते तर त्यांनी हे चालू दिलं असतं का?"

"नसतं. म्हणूनच म्हणते."

"सरांची मुलगी असून तुम्ही असं बोलता? आज मी जो आहे तो त्यांच्यामुळे."

"तुम्ही संध्याकाळी घरी जात होता," मी म्हटलं. "आम्ही तिथेच राहत होतो."

त्याने खिशातून फोन काढला. मग त्याने सुचवलं की त्याने स्वतः म्हटलेले श्लोक यंत्रात घालावेत, त्याने ते आधीच ध्वनिमुद्रित करून आणले होते. ऐकवले. स्वच्छ, गोल, प्रत्येक अक्षर जागच्या जागी. डोळे मिटले तर तुम्हीच. मी आपोआप ताठ बसले, इतक्या वर्षांनंतर. मग तो मुलीलाही कळावं म्हणून तमिळमध्ये म्हणाला की हे नको असेल तर मंडळाला आपल्या वस्तू परत न्याव्या लागतील, त्याला वाईट वाटेल, पण इलाज नाही. त्याने मुलीकडे पाहिलं. खोली तिची होती, वस्तू गेल्या असत्या तर बोलणी तिला खावी लागली असती.

मुलगी म्हणाली, "सर, मला मराठी येत नाही. मला एवढंच कळतं की एका आवाजात कुणीतरी पाठ केलेलं म्हणतंय, आणि दुसऱ्या आवाजात कुणीतरी माझ्याशी बोलतंय. मी दुसरा ठेवते."

दुसऱ्या दिवशी रिक्षा आली आणि वीणा गेली, पगड्या गेल्या, तबक गेलं. गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. सरांच्या मुलीने सरांची अब्रू काढली. ज्या घरांतून मला हळदीकुंकवाचं बोलावणं येत असे तिथून यंदा आलं नाही. रामनवमीच्या भजनाला मी आपण होऊन गेले, तर शेजारची जागा रिकामीच राहिली. एका बाईने, तुम्ही जिला अंकलिपी शिकवलीत तिने, देवळाच्या दारात मला तोंडावर सांगितलं की मेलेल्या माणसाशी भांडणारी तू पहिलीच. मी म्हटलं, जिवंतपणी भांडता आलं असतं तर बरं झालं असतं. मला वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. ही माणसं सोडून माझी दुसरी माणसं नाहीत.

राहिला तुमचा फोटो. मला तो नकोच होता. मुलगी म्हणाली, "मॅडम, शिकवणारा माणूस होता हे तर खरं आहे. काढून टाकला तर तेही खोटंच होईल." मग मी तिला त्याखालचा मजकूर तमिळमध्ये लिहून दिला. त्यात लिहिलं होतं की या माणसाने आपल्या घरातली दोन माणसं मुकी केली. मुलीने वाचून घडी घातली आणि म्हणाली, हे मी भिंतीवर लावू शकत नाही. मी अक्काला सांगितलं तर तीही म्हणाली, "शिवी नको भिंतीवर. खरं तेवढं लिही." मी चिडले. म्हटलं, तुला काहीच वाटत नाही का? ती म्हणाली, वाटतं. मला अ... अस्कं अठवतं. पण त्या खोलींत अम्मा बोलणार अहे ना, तिथे भांडण कशाला. तिच्या तोंडातून अम्मा बोलणार आहे असं तिला वाटत होतं. मी कोरा कागद घेतला.

म्हणून आता तुमच्या फोटोखाली चारच ओळी आहेत, तमिळमध्ये आणि मराठीत. तुम्ही शाळेत शिक्षक होता. या समाजाच्या मुलांना तुम्ही वर्षानुवर्षं, मोबदला न घेता, पुस्तकांतली पुणेरी मराठी शिकवलीत. या खोलीत ऐकू येणारी मराठी तुम्हाला मान्य नव्हती. तुमच्या घरात ती तुमच्या पत्नीने आणि थोरल्या मुलीने बोलती ठेवली. बस. एकही विशेषण नाही. तुम्ही तपासलं असतंत तरी खोडायला जागा सापडली नसती.

उद्घाटनाला अध्यक्ष आला नाही, मंडळातली थोडीच माणसं आली, तीही मागे उभी राहिली. अक्का आली, तिची सून आली, नातवंडं आली. वीणेसाठी केलेल्या चौथऱ्यावर मुलीने साध्या दोन खुर्च्या ठेवल्या होत्या, ऐकणाऱ्यांना बसायला. नगरपालिकेच्या साहेबांनी बटण दाबलं, अक्काचा आवाज सुरू झाला, पहिल्याच वाक्यात अडखळला, आणि मागच्या रांगेत कुणीतरी खाकरलं. अक्का माझ्या दंडाला धरून उभी होती. तिची नखं रुतत होती. साहेब जेवढं ऐकायला हवं तेवढं ऐकून, हात जोडून पुढच्या खोलीत गेले. गर्दी त्यांच्यामागे गेली.

खोलीत आम्ही राहिलो, आणि मरुदानल्लूरहून आलेली एक म्हातारी, नातसुनेच्या आधाराने आलेली. मी तिला ओळखत नव्हते. तिला ऐकू कमी येत होतं, म्हणून नातसुनेने तिला यंत्राजवळ खुर्चीत बसवलं आणि पुन्हा बटण दाबलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. पीठ कालवल्याचा आवाज, अक्काचं थांबणं, मग पुढे. मध्ये एके ठिकाणी अक्का सांगते की अम्मा दारात आलेल्या प्रत्येकाला काय विचारायची, आणि अम्माच्याच सुरात विचारते, "या, बसा. जेवलांत का? कोट चाललांत उन्हांत?"

म्हातारीने मान वर केली. यंत्राकडे बघून म्हणाली, "जेवलों ग, जेवलों. इथेंच अलोंय." मग थोडं थांबून, "तूं कोणाची?"

नातसून हसून तिला तमिळमध्ये सांगायला लागली की अहो आज्जी, ते यंत्र आहे. अक्काने तिला हाताने थांबवलं. माझा दंड सोडला, म्हातारीच्या पायाशी जमिनीवर बसली आणि आपण कोणाच्या ते सांगायला लागली. तुमचं नाव आधी घेतलं नाही. अम्माचं घेतलं, अम्माच्या माहेरचं घेतलं. अडखळली. म्हातारी वाट बघत राहिली, तिला घाई नव्हती. मी दाराशी उभी होते, लहानपणी उभी राहायची तशी, पण मला त्यांच्यात जाऊन बसावंसं वाटलं आणि मी जाऊन बसले. मी फार बोलले नाही. जे बोलले ते म्हातारीला अवघड गेलं, तिने अक्काला विचारलं, ही कुठल्या गावची?

यावर तुम्ही काय म्हणाला असतात ते मला माहीत आहे. हे पत्र पाठवायचं कुठे, हा प्रश्न नाहीच. तुमच्या श्राद्धाला मी कावळ्याला घास ठेवते, यंदाही ठेवीन, त्यापलीकडे माझ्याकडून काही अपेक्षा ठेवू नका. एक मात्र सांगून टाकते. मी कागद घेऊन बसले होते ती अम्माला लिहायला. खोली कशी झाली, अक्का कशी बोलली, सगळं तिला सांगायचं होतं. तिला तिच्या बोलीत लिहावं म्हणून पहिली ओळ मनात जुळवत बसले, आणि जुळेना. तुमच्या मराठीत तुमच्याशी भांडणं मला लगेच जमलं.